स्टुटगार्ट : दुसरे दर्शन

एकदा पाहिलेल्या गावी पैसे खर्चून पुन्हा कशास जावयाचे, हा प्रश्न आमच्या घरी प्रथम वहिनींनी विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस देता आले नाही. काशी, पंढरी, मोरगाव ह्यांची गोष्ट निराळी. तेथे पुन्हा जाण्यास कारण लागत नाही. न जाण्यास लागते. परंतु हजारो कोस दूरचे, मोटारी करणाऱ्या लोकांचे एक जर्मन शहर पाहावयास अकरा वर्षांनी पुन्हा निघालेल्या सहासष्ट वर्षांच्या निवृत्त मास्तराने काय सांगावे? ‘ते शहर आम्हांस आवडते,’ एवढेच आम्ही म्हणालो. वहिनी हसल्या. दादा मात्र हसले नाहीत. खरे कारण त्यांस ठाऊक होते. किंबहुना ते त्यांनीच आमच्या पदरी बांधून दिले होते.

आमचे घर चिंचवडगावात, पवनेपासून हाकेच्या अंतरावर. मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशी पुराचे पाणी आले की आमची आजी ओटीवर उभी राहून हात जोडीत असे. चापेकर बंधूंचे गाव म्हणून परगावच्या शाळांत आम्ही आपल्या गावाचे नाव जरा मोठ्यानेच सांगत असू. ह्या गावाभोवतीचे माळ आमच्या डोळ्यांदेखत कारखान्यांनी भरले. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढे आकुर्डीस स्कूटरी होऊ लागल्या, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि ज्वारीबाजरीच्या शेतांत पत्र्याच्या छपरांचे पीक आले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका, अशी बढती गावास मिळाली. १९९५ साली तीन टोकांच्या ताऱ्याची जर्मन मोटार पिंपरीस टेल्कोच्या आवारात जुळविली जाऊ लागली, व २००९ साली तो कारखाना चाकणास स्वतःच्या जागेत गेला. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाची अफाट फौज पन्नासांहून अधिक दिवस थोपवून धरली, आणि ज्या चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, त्या चाकणच्या रस्त्यावर आता जर्मन अक्षरांच्या पाट्या दिसतात. आमचा मुलगा त्याच पट्ट्यातील एका कारखान्यात अभियंता म्हणून लागला. २०१० साली त्यास ‘दोन वर्षांकरिता’ स्टुटगार्टास पाठविण्यात आले. ती दोन वर्षे अद्यापि संपलेली नाहीत.

आता दादांच्या निरोपाविषयी. आमचा वाडा आजोबांच्या वेळचा. भिंती फुगल्या, वासे किडले, आणि एका बिल्डराने तो पाडून तेथे सात मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव आणला. दादा वडील, त्यांच्या शब्दाबाहेर घरात कोणी नाही. ते म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या मुलाचा हिस्सा कसा घ्यावयाचा ते ठरवले पाहिजे. तो परत येणार असेल तर त्याच्याकरिता एक बिऱ्हाड राखू. येणार नसेल तर तेवढे पैसे घेऊन मोकळे होऊ. ही गोष्ट टेलिफोनवर विचारण्याची नव्हे. तू समक्ष जा, चार दिवस राहा, आणि विचारून ये.’’ अशा रीतीने आम्ही सहलीस निघालो.

पहिल्या खेपेस, म्हणजे २०१२ च्या मे महिन्यात, आम्ही सुनेच्या बाळंतपणाकरिता गेलो होतो. सौ. डिंक, अळीव आणि बाळंतकाढ्याचे सामान घेऊन आल्या होत्या. आम्हांस काही काम नव्हते. म्हणून आम्ही पाहावयाच्या स्थळांची यादी केली होती आणि शाळा तपासण्यास आलेल्या इन्स्पेक्टराप्रमाणे एकेक स्थळ पाहून त्यापुढे खूण करीत होतो. राजवाड्याचे पटांगण झाले. शिलराचा पुतळा झाला. तत्त्वज्ञ हेगेल १७७० साली ज्या घरी जन्मला ते घर झाले. सायंकाळी घरी येऊन सौ.स सांगावयास लागलो की त्या म्हणत, ‘‘अहो, हळू बोला, बाळ निजले आहे.’’ नात झाली त्या दिवशी यादी खिशातच राहिली. ते शहर आम्हांस का आवडते, ह्याचे कारण खरे पाहता एवढेच.

ह्या वेळी, २०२३ साली, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून आम्ही निघालो. पक्षपंधरवडा चालू होता. परंतु श्राद्ध वडील भावाने करावयाचे असल्याने आमची अडचण नव्हती. मुंबईहून विमानाने फ्रांकफुर्ट आणि तेथून सुमारे सव्वा तासाच्या आगगाडीने स्टुटगार्ट. स्टेशनावर उतरताच आमची व त्या शहराची जुनी ओळख पटली. कारण २०१२ साली ते स्टेशन खणून ठेवलेले होते आणि २०२३ सालीही ते खणलेलेच होते! येथील सोळा रुळांचे, गाड्या येऊन थांबणारे व उलट फिरून जाणारे जुने स्टेशन मोडून, जमिनीखाली आठ रुळांचे, गाड्या आरपार जाणारे नवे स्टेशन बांधण्याचा हा उद्योग २०१० साली सुरू झाला. त्याविरुद्ध शहरातील शांत, पोक्त माणसे रस्त्यावर उतरली. सप्टेंबर २०१० मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले व अनेक जखमी झाले. आणि २०१२ च्या फेब्रुवारीत राजोद्यानातील जुने वृक्ष तोडले गेले. आम्ही प्रथम गेलो तेव्हा त्या वृक्षांविषयीचे दुःख लोकांच्या बोलण्यात ताजे होते. नवे स्टेशन उघडण्याची तारीख मात्र पुढे पुढेच जात राहिली. जर्मन मनुष्य ठरल्या वेळेस काम करतो, असे आम्ही तीस वर्षे मुलांस फळ्यासमोर उभे राहून सांगितले होते. त्या सर्व मुलांची येथे क्षमा मागावीशी वाटते. उलट, आमच्या पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रोची गाडी मार्च २०२२ मध्ये धावू लागली होती, हे सांगताना आमची मान किंचित ताठ झाली हे कबूल केले पाहिजे.

स्टुटगार्टची रचना समजावयाची तर परातीची कल्पना करावी. शहराचा मध्य परातीच्या तळाशी, आणि सभोवार टेकड्यांच्या कडा. त्या कडांवर घरे, बागा व द्राक्षांचे मळे. द्राक्षमळे थेट शहराच्या पोटात आले आहेत. एखाद्या मोठ्या रस्त्यावरून मान वर करावी तो वेलींच्या रांगा दिसाव्यात. टेकडीवरील घरांस जाण्याकरिता जागोजाग दगडी पायऱ्या आहेत. पूर्वी मळेकरी त्या चढत. आता शाळेची मुले चढतात. पायऱ्या चढताना आम्हांस पर्वतीची आठवण झाली. सौ.स गुडघ्यांची आठवण झाली.

परातीचा हा आकार डोळ्यांस सुंदर, पण फुप्फुसांस तसा नाही. वारा टेकड्यांनी अडतो आणि मोटारींचा धूर तळाशी कोंडून राहतो. म्हणून ज्या शहराचे पोट मोटारीवर चालते, त्याच शहरात २०१९ पासून जुन्या डिझेल मोटारींस बंदी करण्यात आली. आपल्या अन्नदात्यास उंबऱ्याबाहेर थांबावयास सांगणे सोपे नाही. नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात तासभर मोटारींच्या रांगेत उभे राहिलेल्या वाचकास ह्या गोष्टीचे मोल अधिक सांगावयास नको.

ह्या शहराचे दुसरे धन म्हणजे पाणी. कान्श्टाट नावाच्या जुन्या भागात जमिनीतून खनिजयुक्त पाण्याचे झरे वाहतात. बुडापेस्ट सोडल्यास युरोपातील कोणत्याही मोठ्या शहरात इतके नाहीत असे म्हणतात. रस्त्याच्या कडेस तोट्या आहेत. ज्यास पाहिजे त्याने प्यावे. आम्ही ओंजळभर प्यालो. चवीस गंधक व लोखंड. सौ. म्हणाल्या, ‘‘वज्रेश्वरीच्या पाण्यात खिळे भिजत घातल्यासारखे लागते.’’ पण एक वृद्ध बाई रोज येऊन तेथे दोन बाटल्या भरून नेतात असे मुलाने सांगितले, तेव्हा श्रद्धा ही केवळ आपल्याकडचीच वस्तू नव्हे हे ध्यानी आले.

आम्हांस स्वतःस सर्वांत आवडले ते सार्वजनिक ग्रंथालय. २०११ साली बांधलेली ही चौकोनी, पांढरी इमारत बाहेरून साखरेच्या वडीसारखी दिसते. आत गेल्यावर मात्र डोळे विस्फारतात. मध्ये पोकळ जागा, तीभोवती मजल्यामागून मजले, पायऱ्यांमागून पायऱ्या, सर्व शुभ्र. रंग काय तो पुस्तकांचा. बाहेरच्या चार भिंतींवर ‘ग्रंथालय’ हा एकच शब्द चार भाषांत लिहिला आहे: जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. (वास्तुकार कोरियन आहे.) नागरी लिपी नाही ह्याचे आम्हांस क्षणभर वाईट वाटले. मग आठवले की ह्या शहराने आमच्या भाषांकरिता भिंतीवर एक शब्द लिहिण्याऐवजी दुसरेच काही केले आहे. त्याविषयी पुढे येईल.

मोटारींचे संग्रहालय आम्ही पहिल्या खेपेस घाईने पाहिले होते. २००६ साली उघडलेली ही इमारतही पाहण्याजोगी. उद्वाहकाने एकदम वरच्या मजल्यावर जावयाचे आणि वळत वळत खाली उतरत, १८८६ पासून आजपर्यंत यावयाचे. आरंभी मोटार नाही. एक पांढरा घोडा उभा केला आहे. पुढे कार्ल बेन्झची तीनचाकी. १८८६ च्या जानेवारीत बेन्झने मानहाइम येथे हिचे पेटंट घेतले. त्याच वर्षी कान्श्टाटच्या डाइम्लरने आपले एंजिन चारचाकी गाडीस बसविले. जेमतेम पंचवीस कोसांच्या अंतरावर दोघेजण एकच गोष्ट करीत होते. त्यांच्या कंपन्या एक झाल्या त्या १९२६ साली. डाइम्लर आपल्या बागेतील काचघरात दार लावून काम करी. आत हा खोटी नाणी पाडतो की काय अशा संशयाने माळ्याने पोलिसांस वर्दी दिली, अशी कथा तेथे सांगतात.

परंतु सौ. ज्या ठिकाणी खिळून उभ्या राहिल्या ती गोष्ट निराळी होती. बेन्झची गाडी तयार झाली खरी, पण ती घेण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टात एके पहाटे त्याची पत्नी बेर्टा, नवरा झोपेत असताना, दोन मुलांस बरोबर घेऊन ती गाडी बाहेर काढून निघाली, आणि मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटर दूर फोर्त्सहाइम गावी जाऊन पोहोचली. वाटेत इंधन संपले तेव्हा एका औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचा द्रव विकत घेऊन टाकीत ओतला. नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ब्रेक झिजला त्यावर चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. मोटारीने केलेला जगातील पहिला लांबचा प्रवास तो हाच. मुलाने हे सर्व सांगितल्यावर सौ.नी विचारले, ‘‘पण फोर्त्सहाइमला काय होते?’’ मुलगा म्हणाला, ‘‘आई, तिचे माहेर.’’ सौ. काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘एवढ्याशा कारणास एवढी मोटार लागली म्हणावयाची!’’ पुढे संबंध संग्रहालय त्यांनी विलक्षण आस्थेने पाहिले.

आता त्या पुढील गोष्टीकडे येऊ. आमची इंग्रजी विद्या मॅट्रिकपुरती. संस्कृत मात्र पाठशाळेत गुरूंच्या पायाशी बसून शिकलो. कोश हा आमच्या लेखी देव्हाऱ्यातील ग्रंथ. आणि ह्या स्टुटगार्टाने आपल्या देशाच्या भाषांस दोन कोशकार दिले आहेत. एक हेर्मान गुंडर्ट. १८१४ साली येथे जन्मला, मलबारात तलश्शेरीस राहिला, आणि १८७२ साली त्याचा मलयाळम-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. प्रख्यात कादंबरीकार हेर्मान हेसे हा त्याचा दौहित्र. दुसरा रूडोल्फ फॉन रोट. हाही येथलाच, जन्म १८२१ चा. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता ह्या मनुष्याने ओटो ब्योटलिंक ह्याच्या जोडीने संस्कृताचा तो प्रचंड सप्तखंडी कोश केला, जो रशियाच्या विद्यापीठिकेने सेंट पीटर्सबर्ग येथे १८५५ ते १८७५ ह्या वीस वर्षांत छापला. वैदिक शब्दांचा भार मुख्यत्वे रोटने वाहिला. पुढच्या साऱ्या कोशकारांनी त्या भांडारातून उचल केली आहे. आपल्या पुण्यास डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेला संस्कृत महाकोशाचा उद्योग ज्या वाचकांनी पाहिला असेल, त्यांस एकेका शब्दाकरिता किती चिठ्ठ्या व किती वर्षे खर्ची पडतात हे सांगावयास नको.

रोट शिकवीत असे ट्यूबिंगन येथे. ते गाव स्टुटगार्टपासून आगगाडीने तासाभराचे. पहिल्या खेपेस यादीत असूनही राहून गेले होते. ह्या खेपेस नातीस सुट्टी पाहून तिघे गेलो. नेकार नदी, काठावर पिवळ्या रंगाचा तो बुरूज ज्यात कवी होल्डर्लिनने आयुष्याची शेवटची छत्तीस वर्षे भ्रमिष्ट अवस्थेत काढली, चढणीच्या फरसबंद गल्ल्या आणि माथ्यावर गढी. विद्यापीठ १४७७ सालचे. गढीतील संग्रहालयात मॅमथच्या दातातून कोरलेला एक घोडा आहे, वीतभर कसला, दोन पेरांएवढा. पण वय सुमारे चाळीस हजार वर्षे. त्याच गढीच्या जुन्या मुदपाकखान्यात, १८६९ साली, फ्रीडरिश मीशर ह्याने पेशींच्या केंद्रातून ते द्रव्य वेगळे काढले ज्यास आज सारे जग डी. एन. ए. म्हणते. आजोबांचे नाक नातीस कसे येते, ह्याचा शोध स्वयंपाकघरात लागला हे ऐकून नातीस फार गंमत वाटली.

ह्याच विद्यापीठात अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची काश्मीरातील भूर्जपत्रांवरील पोथी रोटच्या हाती आली, आणि ती तेथेच राहिली. १९०१ साली तिची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ओरिसात ह्याच शाखेच्या ताडपत्री पोथ्या विसाव्या शतकाच्या मध्यास सापडेपर्यंत पैप्पलाद म्हणजे ही एकच पोथी, अशी स्थिती होती. आपल्याकडे शंकर पांडुरंग पंडितांनी अथर्ववेदाची सायणभाष्यासह जी आवृत्ती सिद्ध केली व जी १८९५ ते १८९८ ह्या काळात मुंबईस निघाली, ती दुसऱ्या, शौनक शाखेची. अर्थात् पोथी वाटेल त्यास दाखविण्याची वस्तू नव्हे. आम्ही ग्रंथालयाची इमारत बाहेरून पाहिली आणि जोडे काढावेत की काय ह्या विचारात पडलो. नात म्हणाली, ‘‘आजोबा, आपली पोथी ह्यांच्याकडे का? परत का नाही देत?’’ प्रश्न रास्त होता. काश्मीरचे भूर्जपत्र येथे टिकले, वाचले गेले, त्याची प्रत जगास मिळाली, हे खरे. ते आपल्या घरचे, हेही तितकेच खरे. आम्ही तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. ‘परत’ हा शब्द मात्र दिवसभर आमच्या कानात राहिला. ज्या कामास आलो होतो ते अजून झालेले नव्हते.

परतीच्या गाडीत नातीने आपले लॅटिनचे पुस्तक काढले. ती तेथील शाळेत सहाव्या इयत्तेत. ती म्हणे ‘सेप्तेम्’, आम्ही म्हणू ‘सप्त’. ती ‘इग्निस्’, आम्ही ‘अग्नि’. ती ‘नाविस्’, आम्ही ‘नौ’. आमच्या समोर बसलेला एक विद्यार्थी कानातील यंत्रे काढून ऐकू लागला. चिंचवडच्या शाळेत तीस वर्षे शिकवून आम्हांस इतकी एकाग्र विद्यार्थिनी क्वचितच लाभली; आणि लाभली ती आठवडाभरात आमच्यापासून दूर राहणार, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

शनिवारी, १४ ऑक्टोबरास, सर्वपित्री अमावास्या होती. सकाळी उठून पाहतो तो नात जिन्यावर झाडू घेऊन उभी. ह्या प्रदेशातील श्वाबियन लोकांचा एक रिवाज आहे: एका इमारतीतील बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीने जिना, अंगण व समोरचा रस्ता झाडावयाचा. पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी टांगतात. रिवाजाचे नाव ‘केरवोखे’, म्हणजे झाडण्याचा आठवडा. आमच्या ‘केरा’शी त्याचे काही नाते नाही, पण असावे असे वाटते खरे. ह्याचे मूळ पंधराव्या शतकातील एबरहार्ड राजापर्यंत नेतात. ट्यूबिंगनचे विद्यापीठ काढणारा तो हाच. श्वाबियन मनुष्य काटकसरी, टापटिपीचा, तोंडाने फटकळ, आणि पैसा साठवून घर बांधणारा, अशी त्याची साऱ्या जर्मनीत ख्याती. ‘‘म्हणजे आपल्यासारखेच की!’’ असे सौ. म्हणाल्या, आणि नातीच्या हातातील झाडू घेऊन तिला कोपऱ्यातील केर कसा ओढावा हे दाखवू लागल्या. खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. सौ.नी जिना झाडून होईपर्यंत त्यांनी बारकाईने पाहिले, मान डोलावली, आणि न बोलता दार लावले. मुलगा म्हणाला, ‘‘आई, तेरा वर्षांत त्यांनी मला एकदाही मान डोलावलेली नाही.’’

दुपारी मुलगा आम्हांस रोटेनबर्गच्या टेकडीवर घेऊन गेला. बसने टेकडीवरील खेड्यापर्यंत, पुढे द्राक्षमळ्यांतून चढण. माथ्यावर घुमटाचे एक गोल मंदिर आहे. व्युर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म ह्याची राणी काटारीना, रशियाच्या झारची कन्या, हिची ती समाधी. १८१५ साली तिकडे दूर जावा बेटांच्या पलीकडे तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने सूर्य झाकोळला, आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, दुष्काळ पडला. त्या दुष्काळात ही परदेशची मुलगी गरिबांकरिता उभी राहिली. तिने मदतीच्या संस्था उभारल्या, १८१८ साली गरिबांकरिता बचतीची पेढी काढली, त्याच वर्षी मुलींची शाळा काढली. आणि १८१९ च्या जानेवारीत, वयाच्या तिसाव्या वर्षी वारली. राजाने १८२० ते १८२४ ह्या काळात ही समाधी बांधली. दारावर प्रेम कधी सरत नाही अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. पुढे तोही तिच्याशेजारी विसावला.

हे सर्व आम्ही गहिवरून सौ.स सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘मग ह्यांनी पुन्हा लग्न केले नाही ना?’’ मुलगा हसू दाबून म्हणाला, ‘‘केले. १८२० सालीच.’’ सौ.नी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की व्युर्टेम्बर्गच्या राजाचे अपराध आमच्या खात्यावर जमा झाले.

पण आम्हांस दुसरीच गोष्ट लागली. ही समाधी ज्या जागी आहे तेथे पूर्वी त्या राजघराण्याची मूळ गढी होती. साऱ्या राज्यास ज्या गढीवरून नाव पडले, ती गढी राजाने पाडली आणि त्या जागी हे बांधले. पूर्वजांचे घर, आणि तेही सर्वपित्रीच्या दिवशी आमच्या पायांखाली! आमच्या वाड्याचे फुगलेले भिंताड डोळ्यांसमोर उभे राहिले. खाली नेकारचे खोरे पसरले होते. उतारावर द्राक्षांची तोडणी चालली होती आणि वेलींच्या शेवटच्या रांगेपाशी मोटारींच्या कारखान्याची छपरे सुरू होत होती, जशी चाकणास कांद्याच्या वावरापाशी होतात. मुलगा बोटाने दाखवीत होता: तो कारखाना, ती माझी कचेरी, ती हिची शाळा, ते आपले घर. ‘आपले घर’ हे शब्द त्याने सहज उच्चारले. विचारण्याची वेळ हीच, असे मनात आले. आम्ही घसा साफ केला.

तोच नात येऊन आमचा हात धरून म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही परत कधी येणार?’’

जो प्रश्न घेऊन आम्ही सहा हजार किलोमीटर आलो, तो आम्हांसच कोणी विचारील अशी आमची तयारी नव्हती. ‘येतो,’ म्हणावे तर वय सहासष्ट; ‘नाही,’ म्हणावे तर तिचा चेहरा समोर. ‘‘बघू,’’ असे आम्ही म्हणालो. आणि मग ध्यानी आले, की तेरा वर्षे मुलगा टेलिफोनवर आम्हांस हेच उत्तर देत आला आहे, आणि आम्ही त्यास टाळाटाळ समजत आलो. ते उत्तर किती जड असते हे त्या टेकडीवर प्रथम कळले. मुलाने आमच्याकडे पाहिले व दुसरीकडे मान फिरविली. त्यालाही आम्ही कशास आलो ते बहुधा ठाऊक होते. आम्ही त्यास काही विचारले नाही.

घरी परतलो तो नवरात्र चालू होते. घट बसलेले. रात्री आरती झाल्यावर दादांनी ओटीवर बोलावून विचारले, ‘‘काय म्हणाला?’’

‘‘विचारलेच नाही,’’ आम्ही म्हणालो. रागावतील असे वाटले होते. दादांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला.

‘‘बरे केलेस,’’ ते म्हणाले. ‘‘विचारले असतेस तर त्याला उत्तर द्यावे लागले असते. दोन खोल्यांचे का होईना, एक बिऱ्हाड त्याच्या नावाने लिहून घेऊ. राहावयास आला तर त्याचे. नाही आला तर पोर सुट्टीत येईल तेव्हा तिला उतरावयास जागा हवीच.’’

मग वहिनींनी विचारले, ‘‘बरे, शहर कसे आहे भाऊजी? दुसऱ्यांदा पाहण्याजोगे?’’ आम्ही ग्रंथालय सांगितले, पोथी सांगितली, पाण्याची चव सांगितली. बेर्टाबाईंच्या माहेरची गोष्ट मात्र सौ.नी आम्हांस सांगू दिली नाही. ती त्यांनी स्वतः सांगितली, आणि आमच्यापेक्षा पुष्कळ चांगली सांगितली.

पुढच्या वर्षी वाडा उतरविला. ओटीचे दोन सागवानी खांब दादांनी राखून ठेवले आहेत. नात उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. रिकाम्या जागेत उभी राहून तिने ‘आपली खोली कुठे येणार’ म्हणून विचारले, आणि दादांनी काठीच्या टोकाने मातीत चौकोन काढून दाखविला. जाताना तिने आम्हांस पुन्हा तोच प्रश्न केला. ह्या खेपेस आम्ही ‘बघू’ म्हणालो नाही. पारपत्राची मुदत पाहून तिला साल सांगितले.